बेंबीपाशी उडतं ते काय

माणसाच्या अंगात हाडं किती, असं कुणी मला झोपेतून उठवून विचारलं तरी मी दोनशे सहा म्हणेन. आमच्या वर्गातल्या सांगाड्यात मात्र तेवढी कधीच नव्हती. डाव्या हाताची बोटं माझ्या आधीच्या कुठल्याशा बॅचने गहाळ केली होती. खालचा जबडा तारेने बांधलेला होता, त्यामुळे दार आपटलं की तो आ वासायचा. नव्या मुली पहिल्या दिवशी त्याच्याकडे पाठ करून बसत आणि महिन्याभरात त्याच्याच खांद्यावर ओले टॉवेल वाळत घालत. आमच्याकडे शरीरशास्त्राची सुरुवात ही अशी व्हायची.

सत्तरच्या दशकात मी साताऱ्यातल्या एका रुग्णालयाला जोडलेल्या नर्सिंग शाळेत सिस्टर ट्यूटर होते. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात चूक माझी आहे, त्या इमारतीची नाही. सिस्टर ट्यूटर म्हणजे वॉर्ड सोडून खडू हातात घेतलेली नर्स. मुली मला बाई म्हणत. पाठीमागे काय म्हणत तेही मला ठाऊक होतं, पण दिवाळीच्या अंकात ते नको. मी रागीट होते आणि खडू फेकून मारण्यात माझा नेम बरा होता, एवढं सांगितलं की पुरे.

पहिल्या वर्षाला माझा विषय शरीररचना आणि शरीरक्रिया. रचना म्हणजे कुठे काय आहे आणि क्रिया म्हणजे ते काय करतं. औषधं डॉक्टर देणार, कापाकापी डॉक्टर करणार, मग नर्सला हे कशाला, असं लोक विचारत. डॉक्टर रोग्याजवळ दिवसातून दोनदा येतो, नर्स दिवसभर असते. बिघडलेलं पहिल्यांदा तिच्या हाताला लागतं. म्हणून चांगलं असताना ते कसं लागतं हे तिच्या हाताला माहीत पाहिजे. हे वाक्य मी दर वर्षी जूनमध्ये वर्गाला ऐकवायची आणि ते आपल्याला पुरतं कळलेलं आहे, अशी माझी समजूत होती.

मुली माण, खटाव, फलटण, वाई अशा सगळीकडून येत. बहुतेक शेतकऱ्यांच्या घरच्या. पुस्तकी नावं त्यांच्या जिभेवर बसत नसत, पण प्रश्न असे विचारत की पुस्तक लिहिणाऱ्याने उत्तर शोधत बसावं. अन्नाची आणि वाऱ्याची नळी गळ्यात इतकी जवळ, तर रोज ठसका का लागत नाही? बाळ आणि जेवण एकाच पोटात, तर तिखटाने बाळाचे डोळे का चुरचुरत नाहीत? बुधवारी मी खाटकाकडून बोकडाचं हृदय आणायची. ‘बाई, हे काळीज न्हवं,’ असं दर वर्षी कुणीतरी म्हणायचंच, कारण खाटकाच्या दुकानात काळीज म्हणजे यकृत. वाईच्या घाटावर वाढलेली, कांदासुद्धा न खाणारी एक मुलगी होती. तिने त्या हृदयाच्या झडपेतून करंगळी घातली ती तासभर काढेचना. रक्त एकाच बाजूला का जातं, हे कळल्यावर तिला दुसरं काही सुचत नव्हतं. असे दिवस आले की मला माझ्या कामाचा फार अभिमान वाटायचा.

हौसा या घाटावरच्या मुलीच्याच बॅचमधली. म्हसवडकडची, सातवी पास. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवऱ्याने दुसरी आणली आणि ही भावाच्या दारात परत आली. भावजयीने वर्षभर कसंबसं निभावून नेलं. प्रवेशाच्या दिवशी भाऊ पत्र्याची पेटी घेऊन आला आणि तिच्यादेखत मला म्हणाला, “बाई, आता हिला हितंच ठिवा. माघारी आली तर घरात रोजची भांडणं हुत्याल.” हौसा जमिनीकडे बघत उभी होती. इथून बाहेर पडली तर तिला जायला जागा नव्हती, हे त्याच दिवशी मला कळलं होतं. पुढे मी जे बोलले ते हे माहीत असताना बोलले.

हौसाचे हात विलक्षण होते. जाड्याजुड्या बाईची नाडी आम्हाला शोधावी लागायची, ती हौसाला बोट टेकवताक्षणी सापडायची. पण कागदावर सगळी बोंब. शरीरशास्त्राच्या दोन चाचण्यांत ती नापास झाली होती. तिसऱ्या चाचणीत मी पचनसंस्थेची आकृती काढायला दिली. हौसाचा कागद बघून मला बरं वाटलं. अन्ननलिका, जठर, लहान आतडं, मोठं आतडं, सगळं जागच्या जागी होतं. आणि मधोमध, बेंबीच्या जागी, तिने एक वर्तुळ काढून बाणाने नाव दिलं होतं: वाटी.

बाहेरच्या वाचकांना वाटी म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे कुणी जड ओझं उचललं, पाय घसरला आणि पोटात दुखायला लागलं की वाटी सरकली म्हणतात. मग वाटी बसवणारी बाई बोलवायची. ती माणसाला अनशापोटी उताणं निजवते, बेंबीवर बोटं रोवते आणि चाचपते. आत काहीतरी टकटक उडत असतं. ते बरोबर बेंबीपाशी लागलं तर वाटी जागेवर. वर, खाली, बाजूला लागलं तर सरकलेली. मग तेल लावून पोट चोळणं, पायाचे अंगठे ओढणं, पोटावर पेटता दिवा ठेवून त्यावर तांब्या पालथा घालणं, असे उपाय. हौसाची आई या कामात पंचक्रोशीत नावाजलेली होती. उतारवयात आईची बोटं थरथरायला लागली, तेव्हा आधी हौसा चाचपायची आणि आई पुढचं करायची. आई वारेपर्यंत हे चाललं होतं.

मी तो कागद वर्गासमोर धरला. “माणसाला वाट्या दोन. त्या गुडघ्यांना असतात. तिसरी स्वयंपाकघरात,” मी म्हणाले. वर्ग हसला. हौसा हसली नाही. ती उभी राहिली आणि अगदी सरळपणे तिने विचारलं, “मग बाई, बेंबीपाशी उडतं ते काय?”

मला त्याचं उत्तर येत नव्हतं. रक्तवाहिन्या मला तोंडपाठ होत्या, पण बेंबीपाशी काही उडतं हे मी कधी हाताने पाहिलंच नव्हतं. चाळीस मुली माझ्याकडे बघत होत्या. “वारा असतो तो. गॅस,” मी म्हणाले. “खाली बस. आणि हा शब्द या आवारात, वर्गात काय नि वॉर्डात काय, पुन्हा तुझ्या तोंडून ऐकला तर त्या दिवशी तुला घरी पाठवीन.”

“व्हय बाई,” म्हणून ती बसली.

रविवारी सकाळी चहाआधी मी दाराला कडी घातली, पलंगावर उताणी पडले आणि बेंबीच्या जरा वर दोन बोटं खोल रोवली. थोडा वेळ काही लागेना. मग श्वास सोडून पोट सैल केलं आणि बोटं खालून उचलल्यासारखी झाली. टक, टक. दुसऱ्या हाताने मनगटाची नाडी धरली. दोन्ही एका लयीत. वारा कधी नाडीच्या लयीत चालत नाही. उठले आणि पुस्तक काढलं. हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, महारोहिणी, ही मणक्यांना लागून पोटातून खाली उतरते आणि बेंबीच्या जरा खाली तिला दोन फाटे फुटतात. हे मी दर वर्षी फळ्यावर लाल खडूने काढत होते. आमच्या बायाबापड्या पिढ्यानपिढ्या महारोहिणीवर बोट ठेवून होत्या आणि तिला वाटी म्हणत होत्या.

मग मला नादच लागला. वाईला माझ्या भावाकडे गेले तेव्हा त्याला सतरंजीवर उताणा पाडला. वहिनीला वाटलं मला वेड लागलं. हडकुळ्या माणसात धडधड लगेच लागते, ढेरपोट्यात लागत नाही. जेवल्यावर वेगळी लागते. दुखऱ्या पोटाचे स्नायू आवळतात, वरची आतडी इकडेतिकडे होतात आणि तीच धडधड भलत्या जागी लागल्यासारखी वाटते. म्हणजे सरकत काहीच नव्हतं, पण उडत मात्र होतं. किती तरी दिवसांत मला एवढा आनंद झाला नव्हता.

हे दुसऱ्याच दिवशी हौसाला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. वार्षिक परीक्षा होऊ दे, उगाच तिच्या डोक्यात गोंधळ नको, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण असं की वर्गासमोर मला ‘गॅस नव्हे’ म्हणावं लागलं असतं.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत पुरुषांच्या वॉर्डात फलटणकडचे एक निवृत्त हवालदार दाखल झाले. सत्तरीचे, उंच, हाडापेराने मजबूत, हातात सतत विडी. त्यांची कंबर आणि पोट दुखत होतं. नव्या हाउसमननी, म्हणजे वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टरांनी, मुतखडा ठरवला होता. त्यांनी पोटाला हात लावला की हवालदार परेडला उभं राहिल्यासारखे पोट आवळून धरत, त्यामुळे आतलं काही लागतच नव्हतं. हौसाची ड्यूटी त्याच वॉर्डात होती. पुढचं मला एक दिवस उशिरा कळलं, पण क्रमाने सांगते.

सोमवारी दुपारी ती त्यांच्या पाठीला स्पिरिट आणि पावडर लावत होती. तिच्या बोलीवरून हवालदारांनी तिला ओळखलं.

“माणदेशातली न्हवं का तू? मग वाटी बघता येत आसंल. बघ की जरा. ह्या डॉक्टरास्नी काय कळंना झालंय.”

“आजोबा, आमाला परवानगी न्हाई.”

“आगं, निस्तं बघाय कसली परवानगी? आमच्या पलटणीत नव्हती एवढी शिस्त लावलीया हितं.”

ते उताणे झाले आणि त्यांनी पोट सैल सोडलं. डॉक्टरांसाठी जे त्यांना जमत नव्हतं ते वाटी बघणारीसाठी आपोआप झालं. हौसाने इकडेतिकडे पाहिलं आणि बेंबीच्या दोन्ही बाजूंना बोटं टेकवली. लगेच काढली. “पडून ऱ्हावा आजोबा. लय हालू नका,” एवढंच म्हणाली. मग ती वॉर्ड सिस्टरच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. काय पाहिजे, असं सिस्टरने विचारल्यावर काही नाही म्हणून परत फिरली. तिला एकच शब्द माहीत होता आणि त्याला मी बंदी घातली होती. दुसरा शब्द मला माहीत होता आणि तो मी तिला दिला नव्हता.

मंगळवारी चारला भेटीची वेळ झाली. हवालदारांचा मुलगा एका पोक्त बाईला घेऊन आला. तिच्या पिशवीत तेलाची बाटली होती. तिने बाटलीचं बूच काढलं तशी हौसा खाटेच्या आडवी उभी राहिली.

“आवं सिस्टर, बाजूला व्हा,” मुलगा म्हणाला. “चार दिस झालं, आमचं म्हातारं तळमळतंय. तुमच्या गोळ्यांनी काय झालं?”

“पोटाला हात लावू द्यायची न्हाई मी.”

“का न्हाई? कारण सांगा की.”

कारण तिला सांगता येईना. तिने त्या बाईच्या हातातली बाटली ओढली, बाई सोडेना, बाटली फरशीवर पडून फुटली आणि सगळा वॉर्ड गोळा झाला. दहा मिनिटांनी मला मेट्रनच्या खोलीत बोलावणं आलं. हौसा तेलकट हात पुढे धरून भिंतीशी उभी होती. मेट्रन म्हणजे आमच्या सगळ्यांच्या वरिष्ठ, शिस्तीला कडक बाई. “रोग्याच्या माणसांशी झोंबाझोंबी. ट्यूटर, ही तुमची मुलगी. आजच हिच्या भावाला तार करा, येऊन घेऊन जा म्हणावं,” त्या म्हणाल्या.

“का केलंस असं?” मी हौसाला विचारलं. तिने तेलकट हात मागे घेतले. “अगं, बोल ना. पेटी घेऊन जायचंय का तुला?”

“बाई, त्यो शब्द काढायचा न्हाई म्हनलाय तुमी.”

“कुठला शब्द?” मेट्रनने विचारलं.

“काढ,” मी म्हणाले. “काढ तो शब्द.”

“आजोबांची वाटी रुंदावलीया. बोटं वर उचलत न्हाई, दोन्हीकडं फाकवती. आई म्हनायची, असली वाटी लागली की तेलाचा हात लावायचा न्हाई, हात जोडायचं आन घरी यायचं. एका गड्याला दुसऱ्या बाईनं चोळलं, त्यो सांजच्याला गेला.”

“तू कधी बघितलंस?”

“काल दुपारी.”

मी वॉर्डात गेले ती जवळजवळ धावतच. हवालदारांना म्हणाले, मी वाटी बघते, पोट सैल सोडा. त्यांनी सोडलं. भावापासून शेजारणीपर्यंत इतकी पोटं चाचपली होती, त्यामुळे चांगलं कसं लागतं ते आता माझ्या हाताला माहीत होतं. हे तसं नव्हतं. प्रत्येक ठोक्याला माझी बोटं एकमेकींपासून दूर ढकलली जात होती. सायकलच्या जुन्या ट्यूबला एका जागी फुगा येतो, तसा कधीकधी महारोहिणीला येतो. तिची भिंत तिथे पातळ होत जाते आणि एक दिवस फुटते. त्यावर तेल लावून चोळलं असतं तर तिथेच सगळं आटोपलं असतं. मी हाउसमनना बोलावलं. त्यांनी अलगद हात ठेवला आणि त्यांचा चेहरा उतरला. तासाभरात रुग्णालयाची गाडी हवालदारांना घेऊन सांगलीकडच्या एका मोठ्या इस्पितळाकडे निघाली. मुलगा पुढच्या सीटवर बसला होता. हौसाशी तो काही बोलला नाही, पण गाडीत चढण्याआधी त्याने तिच्याकडे बघून हात जोडले.

मेट्रनला मी सांगितलं की या मुलीने रोग्याला वाचवायला बाटली ओढली. त्यांनी तार रद्द केली आणि फरशीवरचं तेल हौसालाच पुसायला लावलं, एवढ्यावर भागलं. मधला एक दिवस कुणामुळे वाया गेला, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आठ-दहा दिवसांनी तिकडच्या सर्जनचं पत्र आलं. हवालदार पोहोचले तेव्हा शुद्धीवर होते. शस्त्रक्रियेची तयारी चालू असतानाच ती वाहिनी फुटली. एक दिवस आधी आले असते तर प्रयत्न करायला चांगली संधी होती, असं त्यांनी लिहिलं होतं. हे तुमच्याकडे कुणाच्या हाताला लागलं त्यांना माझं कौतुक कळवा, असंही खाली होतं. हवालदार गेले एवढंच मी वर्गात सांगितलं. पत्र माझ्या पाठाच्या वहीत राहिलं. ते मी हौसाला कधीच दाखवलं नाही.

हौसा पुढे पास झाली आणि माण तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात तिने निवृत्तीपर्यंत नोकरी केली. हे आत्ताच सांगून टाकते, कारण शेवटी मला वेगळं सांगायचंय.

पत्र आल्यावर दोन दिवसांनी मी वर्गातल्या टेबलावर चादर अंथरली आणि स्वतः उताणी झोपले. मुलींना वाटलं बाईंना चक्कर आली. मी म्हणाले, “मागे मी बेंबीपाशी गॅस उडतो म्हणाले होते, ते चुकीचं होतं. तिथे महारोहिणी आहे. ती कशी लागते ते हौसा दाखवेल. तिला ते माझ्याआधीपासून माहीत आहे.” साडीवर पातळ चादर घेतली. हौसा पुढे आली. बोटं कुठे ठेवायची, किती रोवायची, समोरच्याला पोट सैल सोडायला कसं सांगायचं, हे तिने तिच्या बोलीत समजावलं. पुस्तकात इतकं सोपं मी कुठे वाचलेलं नाही. मग चाळीस मुली ओळीने आल्या आणि माझ्या पोटावर बोटं ठेवून गेल्या. घाटावरच्या मुलीने दोनदा रांग लावली. “बाई, ही थांबली तर?” एकीने विचारलं. “मग उत्तर द्यायला मी नसेन,” मी म्हणाले आणि त्या हसत सुटल्या.

सगळ्या जागेवर जाऊन वहीत लिहायला लागल्या. ठोके मोजायला म्हणून हौसाची बोटं अजून माझ्या पोटावर होती. ती थोडी वाकली आणि मला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाली, “बाई, मी आदल्या दिवशी बोलले आसते तर आजोबा वाचले आसते का?”

मी छताच्या पंख्याकडे बघत होते. “नाही गं,” मी म्हणाले. “काही फरक पडला नसता.”

माझा आवाज अगदी स्थिर होता. वॉर्डातल्या इतक्या वर्षांत रोग्यांच्या माणसांशी असं बोलायची सवय झालेली असते. आवाज माणसाच्या ताब्यात राहतो. हृदय राहत नाही, शांत असलं तर मिनिटाला बहात्तर ठोके आणि घाबरलं की ते धावतं, हे मीच त्यांना मागच्या आठवड्यात शिकवलं होतं. हौसाची बोटं जिथे होती तिथे ते तिला लागत असणार. तिने बोटं काढली नाहीत. पाच-सहा ठोके ती तशीच थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने हात काढून घेतला आणि माझ्या अंगावरची चादर नीट केली.

“हौसा, ठोके किती लिहायचे?” मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

“बहात्तर लिव्हा,” ती म्हणाली.